नवा पत्रा, जुनी गाडी

आपल्या भोजनगृहामागच्या शेडमधली निळी पिकअप ठाऊक नाही असा माजी विद्यार्थी सापडणे कठीण. तालुक्याच्या बाजारातून धान्याची पोती आणणारी, दहावीच्या मुलांना परीक्षा केंद्रावर पोहोचवणारी आणि तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन रात्री-अपरात्री दवाखाना गाठणारी ही गाडी गेली काही वर्षे बंद पडून होती. वर्धापनाच्या निमित्ताने ती पुन्हा उभी करावी, असा ठराव माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत झाला. वर्गणी जमली आणि कामाच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी इतिहासाची शिक्षिका म्हणून माझ्याकडे आली. त्या काळात जे पाहिले, जे समजले आणि ज्यावरून आमच्यात वादही झाले, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. बहुतेक वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत होते : बाजारात मिळणारे नवे भाग या जुन्या गाडीला किती लावायचे आणि कसे लावायचे?

प्रथम गाडीची कुळकथा सांगायला हवी, कारण नवा भाग मागवताना ती उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. युद्धानंतर हीच गाडी शेतीच्या आणि नागरी कामांसाठी बनू लागली. भारतात ती आणली १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेल्या कंपनीने. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलीजने १९५३ साली नवे इंजिन बसवलेली जीप बाजारात आणली. या इंजिनात हवा आत घेणारी झडप वरच्या भागात असल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, आणि ते सामावून घेण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. भारतातल्या खेड्यापाड्यांत दीर्घकाळ दिसत राहिलेली उंच कपाळाची जीप ती हीच. आपली गाडी त्याच वंशातली. सरकारी लिलावातून संस्थेने ती घेतली आणि मागचा भाग बदलून तिला लोखंडी हौदा बसवून घेतला. म्हणजे आपल्याकडे आली तेव्हाच ती 'जशी कारखान्यातून निघाली तशी' उरलेली नव्हती.

हा मुद्दा पहिल्याच बैठकीत महत्त्वाचा ठरला. काही माजी विद्यार्थ्यांचे म्हणणे असे की, गाडी वारसा म्हणून जपावी, एकही लोकल भाग लावू नये, जुने भाग शोधून आणावेत आणि ती प्रवेशद्वाराजवळ चौथऱ्यावर उभी करावी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे त्याच्या अगदी उलट : पत्रा कुजलाच आहे, तर आख्खी नवी बॉडी आणून चेसिसवर ठेवावी. आज हे शक्य आहे. पंजाब-हरियाणातले कारागीर जीपच्या नव्या बॉड्या घडवतात. फिलिपाईन्ससारख्या देशात तर युद्धात मागे राहिलेल्या जीपांपासून सुरू झालेला हा एक मोठा व्यवसायच आहे. एका निवृत्त अधिकाऱ्याने कायद्याची बाजू मांडली. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार 'विंटेज' म्हणून नोंद होण्यासाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जपलेले आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले असावे लागते. शिवाय अशा वाहनाला नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपली गाडी त्या व्याख्येत बसो वा न बसो, संस्थेला गाडी हवी होती ती भाजी आणण्यासाठी. चौथऱ्याचा विषय तिथेच मागे पडला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल परस्पर करता येत नाहीत, म्हणून जे आहे त्याच आकाराचे, त्याच मापाचे करायचे, असे ठरले.

काम ज्याच्या हाती दिले तो आपलाच विद्यार्थी. त्याच्याच इच्छेवरून त्याचे नाव येथे देत नाही. दहावीत दोन विषय राहिले म्हणून शाळा सोडून तो शहरातल्या गॅरेजमध्ये पत्रा ठोकायला गेला आणि आज स्वतःचे डेंटिंग-पेंटिंगचे दुकान चालवतो. स्नेहसंमेलनाचे निमंत्रण त्याला दर वर्षी जाते, पण तो कधी आला नव्हता. या वेळी आला आणि थेट गाडीखाली शिरला. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "मॅडम, एक विनंती आहे. मी सांगेपर्यंत जुना एकही तुकडा भंगारात देऊ नका. कितीही सडका असू द्या."

कारण त्यानेच पुढे समजावून सांगितले. जुना भाग हेच त्या गाडीचे मोजमाप असते. कारखान्यातून एकाच साच्याच्या दोन गाड्या निघाल्या तरी पन्नास वर्षांत त्या दोन वेगळ्या गाड्या होतात. एखादी कधी खड्ड्यात गेलेली असते, एखादीवर कायम एका बाजूला ओझे लादलेले असते, कुणीतरी कुठेतरी डागलेले असते. जुना मडगार्ड गंजला असला तरी त्याच्या कडेची लांबी, भोकांमधले अंतर आणि वळणाचा कोन तो सांगू शकतो. तो फेकला की नव्या भागाला विचारायचे कुणाला? म्हणून पहिले आठ दिवस काहीही कापले गेले नाही. नववीच्या मुलामुलींनी प्रत्येक भागाची छायाचित्रे घेतली, मापे वहीत उतरवली, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या. इतिहासात ज्याला आपण साधन म्हणतो त्याची जपणूक यापेक्षा निराळी नसते.

मग नवे भाग मागवले गेले. दोन्ही मडगार्ड, बॉनेट, पुढची जाळी, पायाखालचा पत्रा आणि मागचा फाळका. नुसते 'जीपचे बॉनेट' एवढे सांगून भागत नाही. कपाळ उंच की बुटके, इथपासून माप द्यावे लागते. नाहीतर दिसायला जीपचेच पण आपल्या गाडीचे नसलेले बॉनेट घरी येते. आमच्या पहिल्या पार्सलात तसेच आले आणि परत पाठवावे लागले. दुसऱ्यांदा माल बरोबर आला. काळ्या रंगात चकचकणारे भाग पाहून मुले हरखली. मिस्त्रीने एका फडक्यावर थिनर घेतला आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला घासला. फडके काळे झाले, खाली उघडा पत्रा दिसला. "हा रंग प्रवासापुरता," तो म्हणाला. "याच्यावर चांगला रंग मारला तर दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतील. सगळा काढायचा, मग प्रायमर." थिनरने न निघणारा, भट्टीत पक्का केलेला थर असेल तर तो ठेवता येतो, हेही त्याने सांगितले. पत्र्याची जाडीही त्याने मोजली. मूळ पत्रा साधारण १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. बाजारात २० गेजचेही भाग मिळतात, ते एक मिलिमीटरहूनही पातळ. पातळ पत्रा दिसायला सारखाच, पण खडबडीत रस्त्यावर तो थरथरतो आणि बोल्टच्या भोकाशी चिरतो.

खरा पेच पडला डाव्या मडगार्डापाशी. उजवा पहिल्याच प्रयत्नात जवळपास बसला. डाव्याची भोके काचेखालच्या आडव्या पत्र्यावरील भोकांशी जुळेनात. जवळजवळ बोटभर अंतर पडत होते. उपस्थितांपैकी एकाचे मत पडले, लोकल माल तो लोकलच. नवी भोके पाडा आणि आवळून टाका. मिस्त्रीने ड्रिल बाजूला ठेवले. गाडी सपाट फरशीवर, तिच्या स्वतःच्या चाकांवर उभी केली. जॅकवर अधांतरी ठेवलेली गाडी वजनाने किंचित पीळ खाते, तेव्हा घेतलेले माप खोटे असते. मग त्याने मुलांना ओळंबा आणि टेप दिला. चेसिसवरच्या ठरावीक बिंदूंपासून खाली ओळंबे सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या आणि दोन्ही कर्ण मोजायला सांगितले. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात, हे मुलांना पुस्तकातून पाठ होते. चेसिसचे कर्ण जुळले. बॉडीचे जुळले नाहीत. कधीकाळी गाडी डाव्या बाजूने कशाला तरी धडकली असणार, काचेखालचा पत्रा त्या बाजूला मागे ढकलला गेला असणार, आणि कुणा जुन्या कारागिराने तो सरळ न करता मडगार्डच ठोकून त्याला जुळवून घेतला असणार. जुन्या मडगार्डाची कड नीट पाहिली तेव्हा त्यावर हातोडीच्या त्या खुणा स्पष्ट दिसल्या.

म्हणजे नवा भाग बसत नव्हता याचे कारण तो बऱ्याच अंशी बरोबर होता. वाकडी होती ती जागा.

या एका गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला. निवासी शाळेत दर वर्षी जूनमध्ये नवी मुले येतात. कुणी ऊसतोडीच्या फडावरून आलेले असते, कुणी शहरातल्या वस्तीतून, कुणी पहिल्यांदाच आईपासून दूर झालेले. ज्याचे चार दिवसांत जमत नाही त्याच्याविषयी 'हे मूल इथे बसत नाही' असे आपण पटकन म्हणून मोकळे होतो. मूल ठोकून-ठाकून जागेच्या आकाराचे करणे सोपे असते. जागा वाकली आहे का, हे पाहण्यासाठी मात्र ओळंबा हाती घ्यावा लागतो.

मिस्त्रीने आधी काचेखालचा पत्रा सरळ केला. बॉडी आणि चेसिस यांच्यामधली रबरे चपटी होऊन दगडासारखी कडक झाली होती, ती बदलली आणि जिथे उंची कमी होती तिथे पातळ चकत्या घातल्या. पायाखालचा कुजलेला पत्रा कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या चढउताराच्या मोकळ्या जागेत लोखंडी अँगल आडवे डागून घेतले, नाहीतर आधार जाताच बॉडी मिटली असती. त्यानंतर नवे भाग रंगाविना एकत्र लावून पाहिले. दोन्ही मडगार्ड, जाळी, बॉनेट. सगळे एकाच वेळी आणि सगळे बोल्ट फक्त बोटांनी फिरवलेले. एक जरी बोल्ट पान्याने आवळला तरी पुढचा भाग हट्टाला पेटतो, हे त्याचे वाक्य मुलांनी वहीत लिहून ठेवले आहे. मडगार्ड जाळीला धरतो, जाळी बॉनेटला जागा देते, बॉनेट मागे बिजागऱ्यांवर टेकते; कोणताही भाग शेजाऱ्याला विचारल्याशिवाय बसवता येत नाही. सर्व भोके भरली की हळूहळू आवळायचे, फटी पाहायच्या, सोडायचे, सरकवायचे, पुन्हा आवळायचे. फट किती आहे यापेक्षा ती सगळीकडे सारखी आहे का, हे डोळा आधी टिपतो. रंगाच्या थरांनीही फट कमी होते, म्हणून तेवढी जागा आधीच राखावी लागते. या जुळवणीत पाच दिवस गेले. उरलेला मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा फरक भोके किंचित लांबट करून आणि कडेला पत्र्याची बारीक पट्टी डागून काढला. लांबी भरून आकार आणण्याला त्याने साफ नकार दिला. लांबी खरवड झाकण्यापुरती. जाड भरली की ती तडकते आणि आत पाणी धरते.

शेवटचा वाद फाळक्यावरून झाला, आणि तो सर्वांत तीव्र होता. जुन्या फाळक्यावर संस्थेचे नाव आपल्या पूर्वीच्या चित्रकला शिक्षकांनी हाताने रंगवलेले. खालची कड पूर्ण सडलेली. नवा फाळका तयार होता, आणि जुना दुरुस्त करण्याच्या मजुरीपेक्षा स्वस्तही होता. वर्गणीच्या वहीत अशा पालकांची नावे होती ज्यांनी आपली एका दिवसाची मजुरी दिली होती. त्यांचा पैसा जुन्या अक्षरांच्या मायेपोटी खर्चावा का, असा रोकडा प्रश्न एका सदस्याने विचारला. तो प्रश्न योग्यच होता. उत्तर दिले ते शेतमजुरी करणाऱ्या एका आजीबाईंनी. त्यांचा नातू आपल्याकडे सातवीत आहे. त्या म्हणाल्या, "आमाला वाचाया येत न्हाई. पन त्या निळ्या फळीवरची अक्षरं बघितली की पोराची गाडी आली, हे कळायचं." ठराव एकमताने झाला. फाळक्याचा खालचा एक तृतीयांश भाग नव्या फाळक्यातून कापून जुन्याला जोडला. वेल्डिंग करताना अक्षरांच्या खालच्या अंगाला सतत ओली फडकी ठेवली, टाके एकमेकांपासून दूर दूर मारले आणि प्रत्येक टाका निवू दिला, म्हणजे उष्णतेने पत्रा ताणला जाऊ नये आणि रंग जळू नये. जोडाची रेघ घासून नाहीशी करता आली असती. ती तशीच ठेवली.

असे ठेवण्यामागे विचार होता. वास्तूंच्या संवर्धनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद संमत झाली, तिच्यात एक सूत्र आहे : हरवलेल्या भागाच्या जागी जे नवे घातले जाईल ते एकूण रूपाशी सुसंगत असावे, पण मुळापासून वेगळे ओळखू यावे, पुढच्या पिढीला खोटा पुरावा मिळू नये. आमच्या पिकअपला आम्ही तोच न्याय लावला. प्रत्येक नव्या भागाच्या आतल्या बाजूला क्रमांक आणि वर्ष ठोकले आहे. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे तो कुठून आला, किती रुपयांना, त्यात काय बदल करावा लागला आणि काढलेला जुना भाग आता कुठे ठेवला आहे, हे लिहिले आहे.

एवढे भाग बदलल्यावर ही गाडी 'आपली तीच' राहिली का, असे एका मुलीने विचारले. तिला मी मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांचा संवाद सांगितला. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वंशाचा राजा नागसेनांकडे रथातून आला होता. नागसेनांनी त्याला विचारले की, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? दांडी, जू, साटा यांपैकी कोणता रथ? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला आणि शेवटी म्हणाला की, हे सारे मिळून एकत्र आल्यावर जे व्यवहारात ओळखले जाते त्याला रथ म्हणतात. राजाने प्रश्न विचारावेत आणि भिक्षूने त्याला त्याच्याच वाहनाच्या सुट्या भागांवरून उत्तर द्यावे, ही परंपरा बाबासाहेबांना मोलाची वाटली. १९५० साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) सुरू केलेल्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंदाचे नाव दिले आणि तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. ती मुलगी थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "म्हणजे मॅडम, गाडी पत्र्यात नसते, जुळण्यात असते." यात मला भर घालण्यासारखे काही नव्हते.

आता एक व्यावहारिक सूचना करते आणि लेख संपवते. या स्मरणिकेच्या शेवटी यशस्वी माजी विद्यार्थ्यांची यादी आहे. तिच्यात नाव, पदवी आणि हुद्दा असे तीन रकाने आहेत. आपल्या पिकअपचा डावा मडगार्ड ज्याने जागेवर बसवला त्याला या तीनपैकी पहिलाच रकाना भरता येतो, आणि तोही त्याने भरू दिला नाही. पुढील आवृत्तीत चौथा रकाना असावा : हातची विद्या. गवंडीकाम, शिवणकाम, मोटार दुरुस्ती, शेती, स्वयंपाक. जे ज्याला येते ते. गाडी सध्या दर रविवारी बाजाराला जाते आणि दर सहा महिन्यांनी तिचे बोल्ट तपासायला मिस्त्री येतो. नववीची मुले त्याला 'सर' म्हणतात. नोंदवही ग्रंथालयात कपाट क्रमांक तीनमध्ये आहे; कुणालाही ती पाहता येईल, आणि गाडीविषयीच्या जुन्या आठवणी किंवा छायाचित्रे असतील तर त्यात भरही घालता येईल. शेवटची काही पाने त्यासाठी कोरी सोडली आहेत.